न आखलेल्या वाटा

दावोस हे नाव आपल्या परिचयाचे झाले आहे. दर वर्षी जानेवारीच्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या त्या गावी जागतिक आर्थिक मंचाची बैठक भरते. महाराष्ट्राचे मुख्यमंत्रीही अनेकदा तिथे गेले आहेत, आणि गुंतवणुकीच्या करारांचे आकडे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. बातमीसोबतच्या छायाचित्रात मागे पांढरेशुभ्र डोंगर दिसतात. मला आज बोलायचे आहे ते त्या डोंगरांवरच्या न आखलेल्या वाटांविषयी.

बर्फावर स्कीने घसरत जाण्यासाठी यंत्राने दाबून सपाट केलेला, खुणेचे खांब रोवलेला जो उतार असतो त्याला ‘पिस्ट’ म्हणतात. हा फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ माग किंवा वाट. स्वित्झर्लंडमध्ये निळ्या खुणेची पिस्ट सोपी, लाल मध्यम आणि काळी अवघड. या खुणा संपल्या की पुढे उरतो तो मोकळा डोंगर. त्यावरून उतरणे म्हणजे ‘ऑफ-पिस्ट’. जाहिराती पाहिल्या तर हे आजच्या तरुणांचे नवे धाडस वाटते. इतिहास मात्र उलटे सांगतो. आधी सगळा डोंगर ऑफ-पिस्टच होता. आखलेली वाट नंतर आली.

दावोसची पहिली कीर्ती क्षयरोगावरच्या हवापालटाची. १८६५ मध्ये दोन रुग्ण तिथे हिवाळाभर राहिले आणि त्यांना गुण आला. मग युरोपभरातून रुग्णांची रीघ लागली. १८९३ मध्ये आपल्या क्षयग्रस्त पत्नीला घेऊन आर्थर कॉनन डॉइल तिथे आले. त्याच डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या कथेत त्यांनी शेरलॉक होम्सला स्वित्झर्लंडमधल्याच रायशेनबाखच्या धबधब्यात लोटून दिले होते. इकडे ते स्वतः लाकडाच्या दोन लांब पट्ट्या पायांना बांधून बर्फात पडायला शिकत होते.

मार्च १८९४ मध्ये डॉइल दावोसहून डोंगर ओलांडून अरोझा या गावी गेले. वाटेतली मायनफेल्डर फुर्गा ही खिंड सुमारे २,४४० मीटर उंचीवर आहे. एका तीव्र उतारावर स्की हातची निसटली आणि साहेब विजारीवर बसून घसरत खाली आले. या सफरीचा लेख त्यांनी त्याच वर्षी ‘स्ट्रँड’ मासिकात लिहिला. शेकडो इंग्रज एक दिवस स्कीसाठी स्वित्झर्लंडला येतील, हे त्यांचे त्यातले भाकीत खरे ठरले. त्यामुळे आल्प्समध्ये स्कीइंग आणले ते डॉइलनीच, असा समज पसरला.

पण त्या दिवशी त्यांना वाट दाखवणारे दोघे भाऊ होते, टोबियास आणि योहानेस ब्रांगर. दावोसचेच रहिवासी. नॉर्वेहून आलेल्या स्कीवर त्यांनी सराव केला तो अंधार पडल्यावर, कारण दिवसा गावकरी हसत. आदल्याच वर्षी ते ही खिंड ओलांडून आले होते. म्हणजे डॉइलना जे साहस वाटले, ते ब्रांगर बंधूंच्या पायाखालचे होते. कीर्ती लेखकाच्या वाट्याला आली. वाट ज्यांनी शोधली, त्यांची नावे तळटिपेत गेली. इतिहासात हे नेहमीच घडते. पण इथे त्याला एक गंभीर बाजू आहे. न आखलेल्या वाटेवर माणूस जगतो तो धाडसापेक्षा ठाऊक असण्यावर.

१९३१-३२ मध्ये दावोसहून वायसफ्लूयोख या २,६६२ मीटर उंचीच्या ठिकाणापर्यंत डोंगरी रेल्वे पोहोचली. पूर्वी घाम गाळून चढावा लागणारा डोंगर तिकीट काढून गाठता येऊ लागला. चढताना माणसाला बर्फ पायाखाली कळतो. गाडीत बसून वर गेलेल्याला तो कळत नाही. त्याच सुमारास देशात बर्फाच्या शास्त्रीय अभ्यासाची आखणी झाली, आणि १९३६ मध्ये वायसफ्लूयोखवर लाकडी खोलीत प्रयोगशाळा थाटली गेली. तिथे बर्फाचे थर कापून, मोजून, नोंदवून ठेवू लागले.

या अभ्यासातून कळले ते असे. डोंगरावरचा बर्फ एकजिनसी नसतो. तो थराथरांनी साचतो. थंडी कडक आणि बर्फ पातळ असला, तर आतले कण बदलून साखरेसारखे सुटे होतात. त्यावर नवा बर्फ पडतो, वारा तो दाबून घट्ट करतो. वरून सारे भक्कम दिसते, खाली मात्र पाया भुसभुशीत. अशा उतारावर एका माणसाचे वजन पडले तरी खालचा थर मोडतो आणि वरची लादी फुटून निघते. बहुधा हे तीस अंशांहून अधिक उतारावर घडते. म्हणजे स्कीवाल्यांना जो उतार सर्वांत आवडतो, त्यावरच.

१९५१ च्या हिवाळ्यात हिमस्खलनांनी स्वित्झर्लंडमध्ये ९८ जणांचे बळी घेतले. त्यांत घरात असलेली माणसेही होती. त्यानंतर गावांच्या वर अडसर उभारले, धोक्याचे नकाशे केले. आज तिथे हिमस्खलनात वर्षाला सरासरी वीसेक माणसे मरतात, पण बहुतेक मोकळ्या डोंगरावर. आणि बहुतेक वेळा ते सुटते मरणाऱ्याच्या किंवा त्याच्या सोबत्यांच्या वजनाने. पूर्वी हिमलोट माणसाच्या दारात येई. आता माणूस त्याच्या दारात जातो.

दावोसची संस्था हिवाळ्यात रोज धोक्याचे पत्रक काढते. १९९३ पासून युरोपात त्याच्या पाच पायऱ्या ठरल्या आहेत. सर्वाधिक मृत्यू होतात ते तिसऱ्या पायरीवर. चौथी-पाचवी जाहीर झाली की लोक घरी बसतात. तिसरीला ‘बघू’ म्हणून निघतात. गाडलेल्या माणसाच्या हाती पहिली दहा-पंधरा मिनिटेच असतात, तेवढ्यात बाहेरची मदत क्वचितच पोहोचते. म्हणून प्रत्येकाजवळ संदेश देणारे-घेणारे यंत्र, टोचून शोधायची काठी आणि फावडे असावे लागते. खरा आधार सोबत्याचाच.

असो. मी स्वतः स्कीवर कधी उभा राहिलेलो नाही. कागदांतूनच ही वाट चाललो. त्या कागदांत मला सर्वांत मोलाची वाटली ती पराक्रमांची वर्णने नव्हेत. वायसफ्लूयोखजवळच्या एका उघड्या जागी १९३६ पासून दर हिवाळ्यात बर्फाची उंची मोजली जाते, ती नोंदवही. रोज सकाळी बर्फात जाऊन एक आकडा लिहिणारी ती माणसे कोणाला ठाऊक नाहीत. पण आजचा वाटाड्या एखाद्या सुंदर, कोऱ्या उतारासमोर थांबून ‘आज नाही, मागे फिरू’ म्हणतो, तेव्हा त्याच्या शब्दामागे ती सगळी वही उभी असते.