वडीलधाऱ्यांच्या चुका वठविणारा नट : केशवराव दाते

चित्रपटाचा इतिहास बहुधा नायक-नायिकांच्या नावांनी लिहिला जातो. परंतु कथेतील बाप, गुरू, वकील, पुरोहित, शेजारी ह्यांच्यावाचून नायकाला उभे राहावयास भूमीच मिळत नाही. विलायतेत फिन्ले करी ह्या नटाने साठी उलटल्यावर, १९४६ साली, 'ग्रेट एक्सपेक्टेशन्स'मधील फरारी कैदी साकारला, आणि पुढे १९५१ च्या 'क्वो वाडिस'मध्ये संत पीटरही तोच झाला. आपल्याकडे अशा चरित्र-अभिनेत्यांच्या परंपरेत केशव त्र्यंबक दाते (१८८९–१९७१) ह्यांचे स्थान आम्ही अग्रभागी मानतो.

रत्नागिरी जिल्ह्यातील आडिवरे हे त्यांचे गाव. तेथील महाकालीचे देवस्थान कोकणात सर्वश्रुत आहे. त्यांची जडणघडण महाराष्ट्र नाटक मंडळीत झाली. ही मंडळी गद्य नाटकांची. ज्या काळी प्रेक्षक पदांसाठी रात्र जागवीत, त्या काळी केवळ शब्दाच्या फेकीवर आणि मुद्रेवर प्रेक्षागृह धरून ठेवण्याची विद्या दाते तेथे शिकले. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर' संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणून नवनाट्याचा पाया घातला, त्या प्रयोगातही ते होते. त्याच वर्षी कोल्हापुरात जन्मलेली प्रभात फिल्म कंपनी पुण्यास आली. गाण्यावर अवलंबून नसलेला हा नट बोलपटास अनुरूपच होता; कॅमेरा जवळ आला की आवाज चढविण्याचे कारण उरत नाही, आणि डोळ्यांतील लबाडी लपत नाही.

१९३४ चा 'अमृतमंथन', १९३७ चा 'कुंकू' आणि १९४१ चा 'शेजारी' हे व्ही. शांताराम ह्यांचे तीन चित्रपट एका ओळीत ठेवून पाहिले म्हणजे दात्यांचे खरे कार्य ध्यानात येते. तिन्हींत ते वयाने अगर अधिकाराने मोठे आहेत, तिन्हींत चुकतात, आणि त्या चुकीची किंमत इतरांबरोबर स्वतःही मोजतात.

'अमृतमंथन'च्या मराठी आवृत्तीत ते राजगुरू झाले. हिंदीत ती भूमिका चंद्रमोहन ह्यांनी केली. राजा देवीपुढील बळी बंद करतो, आणि धर्म बुडाला असे मानणारा राजगुरू राजाचाच वध घडवून आणतो. हा राजगुरू ढोंगी नाही. त्याची श्रद्धा खरी आहे, आणि भय वाटते ते तिचेच. देवळाच्या छायेत वाढलेल्या आमच्यासारख्या वाचकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. आचार आणि करुणा ह्यांत विरोध उभा राहिला असता आचाराचा कैवारी केवळ दुष्ट म्हणून रंगविणे सोपे होते. पण मग प्रेक्षकाने त्याला हसून सोडून दिले असते. दात्यांनी त्याला ताठ मानेचा आणि निष्ठावंत केला. म्हणून आपल्यातही तो कोठे आहे काय, असा प्रश्न पडतो.

'कुंकू'मधील काकासाहेब हे वयस्क, विधुर, प्रतिष्ठित वकील. नारायण हरि आपटे ह्यांच्या 'न पटणारी गोष्ट' ह्या कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला. तरुण नीरा (शांता आपटे) कपटाने त्यांच्या गळ्यात बांधली जाते. ती हे लग्न मानावयास नकार देते. मिशांना कलप लावणारा हा गृहस्थ प्रारंभी हास्यास्पद वाटतो. पुढे आपण एका मुलीच्या आयुष्याची कोंडी केली आहे, हे त्याला हळूहळू उमगू लागते, आणि अखेरीस तिला मोकळी करण्यासाठी तो स्वतःचे जीवन संपवितो. हा शेवट योग्य की अयोग्य ह्यावर वाद होऊ शकेल. परंतु जरठ-कुमारी विवाहाविरुद्ध अनेक व्याख्यानांनी जे साधले नसते ते ह्या एका चेहऱ्याने साधले, असे आम्हांस वाटते. कारण अन्याय येथे करणाऱ्याच्याच तोंडून कबूल होतो.

'शेजारी' मात्र आम्हां कमलनगरच्या मंडळींस अधिक जवळचा. बिदर-उदगीर लोहमार्गावरील ह्या आमच्या गावी मराठी, कन्नड आणि उर्दू एकाच बाजारात ऐकू येतात. चित्रपटातील जीवबा आणि मिर्झा हे असेच दोन वृद्ध मित्र. जीवबा दाते, मिर्झा गजानन जागीरदार. धरण बांधू पाहणारा कंत्राटदार आपल्या लाभासाठी त्यांच्यात वितुष्ट पाडतो, आणि शेवटी धरण फुटते तेव्हा दोघेही मित्र एकत्रच मृत्यू पावतात. हिंदी 'पडोसी'त जागीरदारच मिर्झा राहिले, तर हिंदू मित्राची भूमिका मझहर खान ह्यांनी केली.

चित्रपटानंतर सातच वर्षांनी आमच्या मुलखात रझाकारांचा उच्छाद झाला, आणि सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईपाठोपाठ प्रतिहिंसाही झाली. जीवबा-मिर्झांची कितीतरी घरे तेव्हा उजाड झाली. तेथे चुकलेले सगळेच दुर्जन नव्हते. कानी पडलेल्या कुजबुजीवर विश्वासणारे सामान्य, वडीलधारे गृहस्थही त्यांत होते. दात्यांचा जीवबा नेमका हाच गृहस्थ आहे.

१९४२ साली शांतारामांनी राजकमल कलामंदिर स्थापिले, तेथेही दाते त्यांच्याबरोबर राहिले. १९४४ साली संत सावता माळ्याच्या चरित्रावरील 'भक्तीचा मळा' ह्या चित्रपटाचे दिग्दर्शन त्यांनी केले. सावतोबा झाले मास्टर कृष्णराव. १९५५ च्या 'झनक झनक पायल बाजे'मधील कठोर नृत्यगुरू मंगल महाराज ही त्यांची उतारवयातील ख्यात भूमिका. सत्तरीच्या उंबरठ्यावर, १९५९ च्या 'नवरंग'मध्येही ते दिसतात.

नायकाचे तारुण्य सरते. चरित्र-अभिनेत्याची पुंजी वयाबरोबर वाढते. दात्यांनी ती पुंजी वडिलकीची प्रौढी मिरविण्यात खर्च केली नाही. वडिलकीलाही चुकता येते, आणि चूक कबूल केल्याने ती लहान होत नाही, हे त्यांनी दाखविले. घरात, देवळात किंवा गावच्या पंचायतीत ज्यांचा शब्द अखेरचा मानला जातो, त्यांनी हे चित्रपट अवश्य पाहावेत. आणि शक्यतो घरातील तरुणांना शेजारी बसवून पाहावेत.