विश्लेषण : अवघ्या १४ दिवसांत बंद पडला सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ गेम, नेमकं काय चुकलं?

६ सप्टेंबर २०२४. सोनीनं ‘कॉन्कॉर्ड’ या गेमचे सर्व्हर बंद केले. गेम बाजारात आला होता २३ ऑगस्टला, म्हणजे त्याला जेमतेम १४ दिवस झाले होते. ज्यांनी तो विकत घेतला होता त्यांचे पैसे परत मिळाले, पण गेम कायमचा गेला. पुढच्या दोन महिन्यांच्या आत तो बनवणारा स्टुडिओही बंद झाला.

गंमत म्हणजे ‘कॉन्कॉर्ड’ हा काही मोडकातोडका गेम नव्हता. ग्राफिक्स चकचकीत होते, बंदुका चालवण्याचा अनुभव चांगला होता, असं टीका करणाऱ्या समीक्षकांपैकीही अनेकांनी लिहिलं. मग एवढ्या मोठ्या कंपनीचा गेम दोन आठवडेही का टिकला नाही? पाहूया.

‘कॉन्कॉर्ड’ नेमका काय होता?

‘कॉन्कॉर्ड’ हा फर्स्ट पर्सन शूटर गेम होता. म्हणजे स्क्रीनवर तुम्हाला तुमचं पात्र दिसत नाही, पात्राच्या डोळ्यांना जे दिसतं ते दिसतं. पाच विरुद्ध पाच अशा दोन टीम, प्रत्येक पात्राची वेगळी शस्त्रं आणि वेगळी ताकद. अशा गेम्सना ‘हिरो शूटर’ म्हणतात. ‘ओव्हरवॉच’ किंवा ‘व्हॅलोरंट’ खेळलेल्यांना हा प्रकार लगेच कळेल.

सुरुवातीला यात १६ पात्रं होती. ‘फ्रीगनर’ नावाचे हे अंतराळातले भाडोत्री लढवय्ये. गेम प्लेस्टेशन ५ आणि पीसीवर आला. किंमत ४० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दरानं साधारण ३,३५० रुपये.

तो बनवला होता अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या फायरवॉक स्टुडिओजनं. २०१८ मध्ये सुरू झालेल्या या स्टुडिओत ‘डेस्टिनी’सारख्या गाजलेल्या गेम्सवर काम केलेली अनुभवी माणसं होती. एप्रिल २०२३ मध्ये सोनीनं हा स्टुडिओ विकत घेतला, तेव्हा तिथे सुमारे १५० लोक काम करत होते.

किती लोकांनी खेळला?

सोनीनं प्लेस्टेशनवरचे आकडे जाहीर केले नाहीत. पण पीसीवरच्या स्टीम या प्लॅटफॉर्मवर एका वेळी किती जण खेळतायत हे कोणालाही पाहता येतं. तिथे ‘कॉन्कॉर्ड’चा उच्चांक होता ६९७.

आधी जुलैमध्ये गेमची ओपन बीटा चाचणी झाली होती. ती फुकट होती. तरी स्टीमवरचा आकडा २,३८८ च्या वर गेला नाही. म्हणजे धोक्याची घंटा महिनाभर आधीच वाजली होती.

तुलनेसाठी एकच उदाहरण पुरेल. ‘कॉन्कॉर्ड’च्या तीन दिवस आधी आलेल्या ‘ब्लॅक मिथ : वुकाँग’ या चिनी गेमनं स्टीमवर एका वेळी २० लाखांहून जास्त खेळाडूंचा टप्पा ओलांडला होता.

पैसे मोजायला लोक का तयार झाले नाहीत?

२०१६ मध्ये ‘ओव्हरवॉच’ आला तेव्हा पीसीवर त्याची किंमतही ४० डॉलर होती. लोकांनी तो विकत घेतला, कारण तसा दुसरा गेम फारसा नव्हता. पण पुढच्या आठ वर्षांत चित्रच बदललं. ‘एपेक्स लेजंड्स’ २०१९ मध्ये फुकट आला, ‘व्हॅलोरंट’ २०२० मध्ये फुकट आला आणि २०२२ मध्ये ‘ओव्हरवॉच २’ सुद्धा फुकट झाला. हे गेम कमाई करतात ती पात्रांचे कपडे, बंदुकांचे रंग अशा गोष्टी विकून.

त्यामुळे २०२४ मधल्या खेळाडूसमोर सरळ हिशेब होता. त्याचे मित्र आधीच एखाद्या फुकट गेमवर आहेत. तिथे त्याची वर्षांची मेहनत आहे, रँक आहे, विकत घेतलेल्या स्किन्स आहेत. ते सोडून पैसे भरून नवीन ठिकाणी जायचं, तर तिथे काहीतरी वेगळं हवं. ‘कॉन्कॉर्ड’मध्ये ते वेगळेपण चटकन दिसत नव्हतं.

वेगळं काही नव्हतंच असं नाही. मरून परत येताना दुसरं पात्र निवडलं, तर आधीच्या पात्रामुळे मिळालेला फायदा सोबत राहायचा. कल्पना चांगली होती, पण ती समजायला गेम बराच वेळ खेळावा लागायचा. तेवढा वेळ देणारे लोक दारातच आले नाहीत.

मग दोष फक्त किमतीचा होता का? तसंही नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत सोनीचाच ‘हेलडायव्हर्स २’ याच ४० डॉलरमध्ये आला आणि १२ आठवड्यांत त्याच्या १ कोटी २० लाख प्रती विकल्या गेल्या. पण तो मित्रांनी मिळून कॉम्प्युटरच्या शत्रूंशी लढण्याचा गेम होता, आणि त्याची गंमत दहा सेकंदांच्या व्हिडिओतही कळत होती.

पात्रांवरून वाद का झाला?

मे २०२४ मध्ये ट्रेलर आला तेव्हापासूनच सोशल मीडियावर टीका सुरू झाली. पात्रं आकर्षक नाहीत, रंगसंगती विचित्र आहे, सगळं ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’सारखं वाटतं, असा सूर होता. पात्र निवडताना त्याची सर्वनामं दिसायची, त्यावरूनही एका गटानं गदारोळ केला आणि गेम त्यामुळेच बुडाला असं सांगितलं.

हा शेवटचा दावा तपासला तर टिकत नाही. ‘ओव्हरवॉच’, ‘एपेक्स लेजंड्स’ आणि ‘व्हॅलोरंट’ या तिन्ही गेम्समध्ये एलजीबीटीक्यू पात्रं आहेत आणि ते गेम जोरात चालतात. पात्रं पाहून ‘हेच मला खेळायचंय’ असं वाटलं नाही, ही तक्रार मात्र समीक्षकांपासून साध्या खेळाडूंपर्यंत अनेकांनी केली. हिरो शूटरमध्ये ती तक्रार महागात पडते, कारण इथे लोक गेम निवडण्याआधी हिरो निवडतात.

खेळाडू कमी असले की काय होतं?

एकट्यानं खेळायचा गेम फक्त १०० लोकांनी घेतला, तरी त्या १०० जणांचा अनुभव पूर्ण असतो. टीमच्या गेमचं तसं नाही. एक मॅच सुरू व्हायला इथे दहा माणसं लागतात, तीही साधारण सारख्या कौशल्याची आणि एकाच भागातली.

माणसं कमी असली की थांबावं लागतं. थांबूनही मॅच लागते ती कधी फारच तरबेज लोकांशी. नवखा खेळाडू दोन-तीनदा हरतो आणि गेम बंद करतो. तो गेला की उरलेल्यांना अजून थांबावं लागतं. शिवाय ‘तिथे कोणी नाहीये’ ही बातमी पसरली की नवीन लोक येतच नाहीत. ‘कॉन्कॉर्ड’च्या बाबतीत ६९७ हा आकडा स्वतःच मीम बनला होता.

३ सप्टेंबरला गेम डायरेक्टर रायन एलिस यांनी गेम बंद होत असल्याचं जाहीर केलं. शेवटच्या दिवसांत तर काही खेळाडू मुद्दाम कड्यावरून उड्या मारून मरत होते. सर्व्हर बंद होण्याआधी पटापट लेव्हल वाढवून शंभराव्या लेव्हलची ट्रॉफी मिळवायची होती!

पैसे परत मिळाले, मग नुकसान कोणाचं?

प्लेस्टेशन स्टोअर, स्टीम आणि एपिकवरून घेतलेल्यांना पूर्ण पैसे परत मिळाले. दुकानातून डिस्क घेणाऱ्यांना दुकानदाराकडे जायला सांगण्यात आलं. ती डिस्क आज कन्सोलमध्ये घातली तरी गेम खेळता येत नाही, कारण तो पूर्णपणे सोनीच्या सर्व्हरवर अवलंबून होता.

सगळ्यात मोठी किंमत मोजली ती स्टुडिओतल्या लोकांनी. २९ ऑक्टोबर २०२४ ला सोनीनं फायरवॉक बंद करत असल्याचं जाहीर केलं. ‘कॉन्कॉर्ड’ पुन्हा येणार नाही, हेही स्पष्ट केलं. त्यानंतर डिसेंबरमध्ये प्राईम व्हिडिओवर ‘सीक्रेट लेव्हल’ ही मालिका आली. तिचा एक भाग ‘कॉन्कॉर्ड’वर आहे. म्हणजे गेमची जाहिरात ठरू शकेल असा एपिसोड आला, तेव्हा गेमच अस्तित्वात नव्हता.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सोनीचे तेव्हाचे अध्यक्ष हिरोकी तोतोकी यांनी गुंतवणूकदारांशी बोलताना चूक मान्य केली. खेळाडूंकडून चाचणी आणि कंपनीतलं मूल्यमापन बरंच आधी व्हायला हवं होतं, असा त्यांचा मुद्दा होता.

ऑनलाइन गेम घेण्याआधी काय पाहावं?

‘कॉन्कॉर्ड’च्या ग्राहकांना पैसे तरी मिळाले. सगळीकडे तसं होत नाही. युबिसॉफ्टनं ‘द क्रू’ हा कार रेसिंगचा गेम २०२४ मध्ये बंद केला, तेव्हा तो अनेक वर्षांपूर्वी विकत घेतलेल्यांच्या हाती काहीच उरलं नाही. त्यातूनच ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली. विकलेला गेम बंद करताना तो खेळता येईल अशा अवस्थेत ठेवा, ही तिची मागणी आहे.

त्यामुळे पैसे भरण्याआधी तीन गोष्टी बघाच. इंटरनेटशिवाय गेममधलं काही खेळता येतं का? फुकट बीटा असेल तर त्यात मॅच पटकन लागते का? आणि आपले मित्र तो घेणार आहेत का? टीमच्या गेममध्ये तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.