सव्वानऊ इंचांची सीमा

स्पेनने आपली रेल्वे मुद्दाम रुंद बांधली, कारण नेपोलियनच्या स्वारीची आठवण ताजी होती आणि फ्रेंच फौजा पुन्हा आगगाडीत बसून थेट माद्रिदपर्यंत येऊ नयेत, ही गोष्ट युरोपात फार आवडीने सांगितली जाते. गोष्ट चांगली आहे, पण तिला फारसा आधार नाही. 1844 साली हुआन सुबेर्कासे या अभियंत्याच्या समितीने सरकारला जो अहवाल दिला, त्यात लष्करी भीतीपेक्षा बॉयलरचा विचार आहे. डोंगराळ देशातले चढ चढायला मोठे, ताकदवान इंजिन हवे. मोठ्या बॉयलरला रुळांमध्ये जागा हवी. म्हणून सहा कास्तिलियन फूट, म्हणजे सुमारे 1672 मिलिमीटर. फ्रान्सचे रूळ होते 1435 मिलिमीटरचे. (आपल्या ब्रॉडगेजचे 1676. मुंबई-ठाणे गाडीच्या आधी डलहौसीलाही सहा फुटांचा मोह झाला होता. तडजोड साडेपाचावर झाली.)

या सव्वानऊ इंचांची किंमत कोणी मोजली, हे पाहायला भूमध्य समुद्राकाठच्या सर्बेर गावी जावे लागते. 1878 मध्ये फ्रान्सचे सर्बेर आणि स्पेनचे पोर्तबू ही दोन टोके बोगद्याने जोडली गेली. रूळ मात्र जुळले नाहीत. व्हॅलेन्सियाची संत्री सर्बेरला येत आणि तिथल्या बाया ती टोपल्यांतून स्पॅनिश वाघिणीतून फ्रेंच वाघिणीत भरत. फळ नाजूक, मोसम हिवाळ्याचा. 1906 साली या बायांनी मजुरीवाढीसाठी संप केला. फ्रान्समधल्या स्त्रीकामगारांच्या आरंभीच्या संपांत त्याची गणना होते. कुर्डुवाडीला बार्शी लाइटचा माल मोठ्या गाडीत चढवणारे हमाल ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही. अभियंत्यांच्या अहवालात मात्र या श्रमाचा रकाना नव्हता.

1940 च्या शरद ऋतूत या सीमेने आणखी काही पाहिले. नाझींपासून पळणारा जर्मन विचारवंत वॉल्टर बेंजामिन डोंगरवाटेने चालत पोर्तबूला पोहोचला. परत पाठवले जाणार हे कळल्यावर 26 सप्टेंबरला तिथेच त्याचा अंत झाला. महिनाभरात, 23 ऑक्टोबरला, सीमेच्या दुसऱ्या टोकाला आंदाय स्थानकात हिटलर आणि फ्रँको आपापल्या खास गाड्यांनी येऊन भेटले. आंदायला दोन्ही मापांचे रूळ होते. हुकूमशहांना गाडी बदलण्याची तसदी पडली नाही.

संत्र्यांचा प्रश्न पुढे यंत्राने सोडवला: वाघीण उचलून खालचे आसच बदलायचे. प्रवाशांसाठी 1969 मध्ये ‘कातालान टाल्गो’ आली. बार्सिलोनाहून जिनिव्हाला जाणारी ही गाडी सीमेवर एका खास मार्गावरून सावकाश पुढे सरकत असे आणि चाकांमधले अंतर आपोआप बदलत असे. आत बसलेल्यांना उतरावे लागत नसे. 1992 मध्ये स्पेनने माद्रिद-सेव्हिल हा पहिला अतिवेगवान मार्ग बांधला, तो 1435 मिलिमीटरचाच.