पंगतीची आरास

ज्या काळी महाराष्ट्रातील सामान्य गृहस्थाच्या घरी भोजनासाठी राखून ठेवलेले स्वतंत्र दालन नव्हते, ज्या माजघरात सकाळी धान्य निवडले जाई आणि रात्री अंथरुणे पडत त्याच माजघरात दुपारी पाने मांडली जात, आणि सणासुदीला तेही अपुरे पडून पंगत ओटीवर किंवा पडवीत न्यावी लागे, त्या काळी जेवणाची जागा शोभिवंत करण्याची कला मात्र या घरांत पूर्णत्वास पोचली होती. तिला लागणारे द्रव्य ऋतू पुरवी, श्रम घरातील स्त्रिया पुरवीत, आणि जेवणे होऊन उष्टी काढली, जमिनीवर शेण फिरले, की तिचे नामनिशाण उरत नसे. कदाचित म्हणूनच इतिहासकारांनी तिच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. वाड्यांच्या कोरीव खांबांवर आणि दिवाणखान्यांतील हंड्याझुंबरांवर पुष्कळ लिहिले गेले. पानाभोवती काढलेल्या महिरपीला त्या लेखनात क्वचितच दोन ओळी मिळाल्या.

या रीतीची मुळे जुनी आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या भोजनाचे सविस्तर प्रकरण आहे, आणि चित्रांचे प्रकार सांगताना त्याच ग्रंथात चूर्णांनी रेखाटावयाच्या धूलिचित्राचाही निर्देश आहे. ग्रंथात ही दोन प्रकरणे परस्परांपासून दूर असली, तरी पुढील शतकांत मराठी घरांनी त्यांचा संयोग घडवून आणला आणि राजभोगातील एक अंग विनाखर्चाने आपल्या अंगणात आणले, हे मला या इतिहासातील सर्वांत लक्षणीय वाटते. सतराव्या शतकात तंजावरच्या भोसल्यांच्या आश्रयाने राहिलेले रघुनाथ नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहल’ लिहिले, तेव्हा अन्नाच्या गुणदोषांबरोबर ते ज्यात वाढावयाचे त्या पात्रांचाही विचार त्यांनी केला. जेवणाची मांडणी हा अभ्यासाचा विषय आहे, ही जाणीव मराठी माणसाच्या ठायी तेव्हाही होती.

पेशवाईत या कलेला सरकारी इतमाम लाभला. मुदपाकखाना, कोठी आणि जामदारखाना ही खाती ज्या शिस्तीने चालत त्याच शिस्तीने पंगतीचीही तजवीज होई. 1783 साली पुण्यास सवाई माधवरावांचे लग्न झाले त्या वेळी नाना फडणिसांच्या कारभारात व्यवस्थेच्या ज्या लेखी याद्या झाल्या, त्या पाहिल्या म्हणजे मेजवानी हे एक राजकार्य मानले जात होते, याविषयी शंका राहत नाही. बसावयास पाट, पाठीशी टेकावयास दुसरा पाट, समोर केळीचे अखंड पान, पानाभोवती रांगोळीची महिरप, दोन पानांच्या मध्ये उदबत्तीचे घर आणि पंगतीच्या टोकांना तेवत्या समया, असा हा सरंजाम असे. श्रीमंताघरच्या पाटांना चांदीची किंवा पितळेची फुले जडवलेली असत आणि गरिबाघरचा पाट फणसाच्या साध्या फळीचा असे. उदबत्तीचे घर नसले तर केळ्याच्या तुकड्यात उदबत्ती खोचून काम भागे. परंतु महिरप दोन्हीकडे तीच असे, कारण तिला लागणारी चिमूटभर पांढरी भुकटी सरदारालाही त्याच दगडापासून मिळे आणि भिक्षुकालाही.

तो दगड म्हणजे शिरगोळा. घाटावर हा ठिसूळ पांढरा दगड कुटून, चाळून, वस्त्रगाळ करून रांगोळी होई. कोकणात भाताची तुसे जाळून उरलेली पांढरी राख त्या कामी येई, आणि देवाब्राह्मणांच्या कार्याला तांदळाचे पीठ वापरीत. रेषा काढण्याची कृती पाहण्यासारखी असते. जमीन शेणाने सारवून पुरती सुकू द्यावयाची, कारण ओल राहिली तर भुकटी शोषली जाऊन रेषा मळकट होते, आणि फार कोरडी पडून पोपडे निघाले तर ती पसरते. मग अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत रांगोळी धरून, हात जमिनीपासून बोटभर वर ठेवून, बोटे किंचित घासत हात पुढे न्यावयाचा. कसलेली बाई रेषा मध्ये तोडत नाही. पानाच्या एका कोपऱ्यापासून निघालेली कमान दुसऱ्या कोपऱ्यात उतरेपर्यंत तिचा श्वाससुद्धा हळू चालतो. कमानीच्या माथ्यावर कमळ, दोहो बाजूंस वेल, तांब्याभांड्याच्या जागी लहानसे वर्तुळ, आणि शेवटी हळदकुंकवाची बोटे. पंचवीस पानांची पंगत असेल तर हे पंचवीस वेळा, आणि तेही स्वयंपाकाच्या धांदलीत.

महिरप बाराही महिने सारखी असली तरी तिच्या आतले पान ऋतूबरोबर बदले. पाऊस सरता सरता केळ भरास येते आणि आश्विनापर्यंत तिची पाने रुंद, कोवळी, न चिरलेली मिळतात. पुढे वारे सुटले की ती फाटू लागतात आणि उन्हाळ्यात तर घाटावर पाण्याविना केळच दुर्मिळ होते. श्रावणात परसातली कर्दळ हाताशी असे. चातुर्मासात पळसाच्याच पानावर जेवण्याचा नेम पुष्कळ जण धरीत, आणि त्या नेमामागे जी काही श्रद्धा असेल ती असो, त्या महिन्यांत पळस जाड, मोठ्या, हिरव्यागार पानांनी लवलेला असतो, ही गोष्टही ध्यानात घेण्यासारखी आहे. माघ-फाल्गुनात हाच पळस पाने टाकून केशरी फुलांनी पेटतो, म्हणून ऐन लग्नसराईच्या पत्रावळी आधीपासून लावून ठेवाव्या लागत. दुपारची जेवणे उरकली की घरच्या आणि शेजारच्या बायका पानांचे ढीग घेऊन बसत; मध्ये एक मोठे पान, त्याभोवती एकावर एक चढवलेली पाने, आणि बांबूच्या बारीक काडीने, कोकणात माडाच्या हिराने, घातलेले टाके. लावलेल्या पत्रावळी वजनाखाली दाबून, वाळवून, गठ्ठे बांधून माळ्यावर चढवीत आणि पंगतीच्या आदल्या दिवशी पाणी शिंपडून पुन्हा मऊ करीत. वड, कुडा, मोह यांचीही पाने चालत. तालुक्याच्या बाजारात डोंगरातले लोक पत्रावळी-द्रोणांचे भारे घेऊन येत, आणि लग्नघरच्या खर्चाच्या यादीत त्यांचा एक स्वतंत्र बाब म्हणून उल्लेख असे.

ऋतूंची आरास पानाच्या कडेशी थांबत नसे. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चैत्रगौरीचे हळदीकुंकू चाले. घरातलेच डबे, पाट आणि खोकी उतरंडीने मांडून त्यांवर धुतलेले लुगडे अंथरले की पायऱ्या सिद्ध होत. सर्वांत वर गौर झोपाळ्यावर बसे, खाली कलिंगड कातरून त्याचे उमललेले कमळ केलेले असे, भोवती कैऱ्या, भिजवलेले हरभरे, मोगऱ्याच्या माळा, आणि दारात चैत्रांगण. यातील प्रत्येक वस्तू दुसऱ्या दिवशी एकतर खाण्यात येई किंवा आपल्या जागी परत जाई. कैरीची डाळ आणि पन्हे हे त्या समारंभाचे भोजन आणि तीच त्याची सजावट! शोभेसाठी म्हणून वेगळा पैसा काढण्याची वेळच तेथे येत नसे. ग्रीष्मात वाळ्याचे पडदे भिजवून दारांना लावीत आणि माठात वाळ्याची जुडी सोडीत, म्हणजे डोळ्यांआधी नाकालाच गारवा पोचे.

याहून थोर उदाहरण गोमंतकात आणि दक्षिण कोकणात पाहावयास मिळते. गणेशचतुर्थीला तेथे मूर्तीवर जी माटोळी किंवा माटवी बांधतात, ती लाकडी चौकट रानातून आणलेल्या फळाफुलांनी, कवंडळे, कांगले, हरणाची पिवळी फुले, शेरवडाची पांढरी पाने, सुपारीचे घोस आणि नारळाची पेंड यांनी, इतकी गच्च भरून जाते की घराच्या आढ्याखाली भाद्रपदाचे सगळे रान उतरल्यासारखे दिसते. हा संग्रह करण्यासाठी घरातील पोराटोरांना रानाची ओळख असावी लागते. कोणती वेल कोणत्या बांधावर सापडते, कोणते फळ देखणे पण विषारी, हे ज्ञान माटोळीच्या निमित्ताने पिढ्यान्‌पिढ्या पुढे गेले. दसऱ्याला झेंडू, आंब्याची पाने आणि नव्या भाताच्या लोंब्या, दिवाळीला पणत्या, संक्रांतीला सुगडात ऊस, बोरे, गाजर, सोलाणे आणि गव्हाच्या ओंब्या: त्या त्या महिन्यात शेतात जे पिके तेच घरात मिरवे.

या वैभवाचे वर्णन करताना दोन गोष्टी दडवून ठेवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. ज्या स्त्रिया पंचवीस पानांभोवती महिरपी काढीत त्या स्वतः पुरुषांची पंगत उठल्यावर, बहुधा पुसल्या गेलेल्या जागेवर, उरलेल्या वेळात जेवत. विहिणीची पंगत, डोहाळजेवण, मंगळागौर अशा मोजक्या प्रसंगीच त्यांच्या पानाभोवती रांगोळी पडे, आणि आरासीची सर्वांत कल्पक रूपे नेमकी याच प्रसंगांत का आढळतात, याचे उत्तरही त्यातच आहे. त्यांच्या श्रमांची नोंद कोणत्याच जमाखर्चात झाली नाही. ही कला स्वस्त होती असे आपण म्हणतो तेव्हा तिची खरी किंमत कोणी भरली, हे विसरता कामा नये. दुसरी गोष्ट पंक्तिभेदाची. ती महिरप अन्नाला सुंदर करी, पण पलीकडे कोणी बसावयाचे नाही हेही ती पंगत ठरवीत असे, आणि ज्यांनी रानातून पाने आणून त्या पत्रावळी लावल्या त्यांना त्याच पंगतीत जागा नव्हती. सहभोजनांच्या चळवळींना विसाव्या शतकात जो विरोध झाला तो पाहता, हा अन्याय किती खोल रुजला होता ते कळते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शोभेचे केंद्र जमिनीवरून भिंतीकडे सरकू लागले. 1878 मध्ये पुण्यात चित्रशाळा निघाली आणि देवादिकांची व ऐतिहासिक पुरुषांची छापील चित्रे सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस हलवलेल्या राजा रविवर्म्यांच्या छापखान्याने लक्ष्मी-सरस्वतींना घरोघर पोचवले. मुलींच्या शाळांतून भरतकाम आणि क्रोशाचे विणकाम शिकवले जाऊ लागले. दारावर आंब्याच्या डहाळीऐवजी काचेच्या नळ्यांचे आणि मण्यांचे तोरण आले, जे सुकत नाही आणि म्हणून बदलावेही लागत नाही. मुंबईच्या चाळीतील एका खोलीत सारवण गेले, शहाबादी फरशी आली, आणि रांगोळीला पत्र्याचे छापे मिळाले. त्यानंतर टेबल आले. टेबलावर रांगोळी काढता येत नाही, एवढ्या साध्या कारणाने कित्येक शतकांची रीत दोन पिढ्यांत सणावारापुरती उरली. 1943 मध्ये मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले आणि मोठ्या पंगती घालणे दुरापास्त झाले, तेव्हा तिचा उरलासुरला आधारही ढासळला.

टेबलाला मी दोष देत नाही. त्याच्याभोवती स्त्रीपुरुष एका वेळी बसू लागले, ही त्याची कमाई मोठी आहे. परंतु त्याबरोबर शोभा ही एकदा विकत घेऊन वर्षानुवर्षे तशीच ठेवावयाची वस्तू झाली, आणि थोड्या पैशांत जेवणघर कसे सजवावे हा प्रश्न मध्यमवर्गीय गृहिणीला प्रथमच पडू लागला. तिच्या आजीला तो पडला नव्हता, कारण तिची आरास प्रत्येक ऋतूत आपोआप नवी होत असे.

या विषयाची साधने अजून घराघरांत आहेत. जुन्या रोजकीर्दी, लग्नांच्या याद्या, केळवणांचे हिशेब, मुलींनी वहीत उतरून ठेवलेल्या ठिपक्यांच्या रांगोळ्या, माळ्यावरचे पितळी फुलांचे पाट: यांतील कागद दरवर्षी दिवाळीच्या सफाईत रद्दीत जातात आणि पाट मोडीत निघतात. वाचकांपाशी असे काही असेल तर ते टाकण्यापूर्वी एकदा वाचावे, घरातील वृद्ध स्त्रियांना त्याविषयी विचारून त्यांच्या शब्दांत लिहून घ्यावे, आणि ते जवळच्या ग्रंथालयाकडे किंवा इतिहास संशोधन मंडळाकडे सुपूर्द करावे.