सर्विस, चाकरी आणि गिरणगाव



आपल्याकडे मुलगा कारखान्यात लेथ चालवत असला तरी आजी चारचौघांत सांगायची, "तो सर्विसला आहे." अर्थशास्त्राच्या पुस्तकात मात्र तो मुलगा सर्विसमध्ये मोडत नाही, त्याला चहा आणून देणारा कॅन्टीनवाला मोडतो. हा शब्दांचा घोळ नुसता गमतीचा नाही. सेवाक्षेत्र वाढलं, सेवाक्षेत्र वाढलं असं आपण इथे अमेरिकेत बसून म्हणतो (आणि त्यावरच तर पोट भरतो!), तेव्हा नक्की काय वाढलं हे कळायला हा घोळ थोडा सोडवावा लागतो.

सेवेला कमी लेखणं जुनंच. अॅडम स्मिथने १७७६ मध्ये नोकरचाकर, वकील, वैद्य, नट, ऑपेरात गाणारे या सगळ्यांना अनुत्पादक ठरवून टाकलं, कारण काम संपलं की विकता येईल अशी वस्तू मागे उरत नाही. आपली म्हण तर त्याहून कडक: उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी. १९३० च्या दशकात फिशर आणि १९४० मध्ये कॉलिन क्लार्क यांनी याचा जिना केला. देश आधी शेतीवर, मग कारखान्यांवर आणि श्रीमंत झाला की सेवांवर जगतो. १९६८ मध्ये व्हिक्टर फ्यूक्स यांनी दाखवलं की अमेरिकेत निम्म्याहून जास्त कामकरी आता सेवांत आहेत, आणि असा हा पहिलाच देश. जिना सगळ्यांना पटला. मुंबईने तो कसा चढला ते बघण्यासारखं आहे.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिली कापड गिरणी काढली, आणि पुढच्या काही दशकांत लालबाग, परळ, गिरगावापलीकडचा सगळा पट्टा भोंग्यावर चालायला लागला. कोकणातून, घाटावरून माणसं आली. बायकामुलं गावाला, आणि हा इथे दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारा. साचेखात्यात आठ तास उभं राहिल्यावर याला जेवायला कोण घालणार? खानावळवाली बाई! एकेक बाई चाळीतल्या आपल्या खोलीत दहा-पंधरा जणांचा दोन वेळचा स्वयंपाक करायची. पैसे महिन्याने, पगार झाल्यावर. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज. गिरणीचं कापड मोजलं जात होतं, तिच्या भाकऱ्या कोणी मोजत नव्हतं. गोव्याच्या मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. माझ्या मते मुंबईच्या सेवाक्षेत्राचा इतिहास इथून सांगायला हवा, नरिमन पॉइंटच्या टॉवरांपासून नव्हे. कारखाना आधी आणि सेवा नंतर हे गिरणगावात कधी खरंच नव्हतं. पहिल्या भोंग्याबरोबर चूल पेटलेली होती.

त्यात आणखी एक गोम आहे. तीच भाकरी रत्नागिरीला बायकोने थापली तर राष्ट्रीय उत्पन्नात शून्य, लालबागला खानावळीत विकत घेतली तर (निदान तत्त्वतः) सेवा. आज दादरचं पोळीभाजी केंद्र, पुण्याचं पाळणाघर, आपल्याकडे एडिसनमध्ये घरून डबे देणाऱ्या काकू, हे सगळं घरातलं काम बाजारात आलेलं आहे. आकडे वाढतात तेव्हा त्यातला काही भाग असा उंबरठा ओलांडून आलेला असतो.

दुसरा भाग कारखान्याच्याच गेटातून बाहेर आलेला. मुंबईतच जन्मलेले जगदीश भगवती यांनी १९८४ मध्ये हे नीट मांडलं: वस्तूंच्या पोटातल्या सेवा तुटून वेगळ्या होतात. गिरणीचा वॉचमन गिरणीच्या मस्टरवर होता तोवर तो कापडउद्योगात. तोच वॉचमन कंत्राटदाराकडून आला की सेवाक्षेत्रात. दंडुका तोच, गेट तेच. फक्त भविष्य निर्वाह निधी आणि बोनस बहुतेक वेळा वाटेत गळतो.

आणि मग १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली साठेक गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही, तो विरत गेला. खानावळी ओस पडल्या, कारण जेवणारेच गावाला गेले. माझा एक मामा त्यांतलाच. सतरा वर्षं साचे चालवलेला माणूस पुढे दोन वर्षं भाजी विकत होता आणि नंतर अंधेरीला एका इमारतीच्या गेटवर बसला. क्लार्कच्या जिन्यावर तो एक पायरी वर चढला! पगार आधीच्या निम्मा.

त्याच वर्षांत त्याच शहरात दुसरा जिना तयार होत होता, आपला. टाटा कन्सल्टन्सी १९६८ मध्ये मुंबईत सुरू झाली, फकीरचंद कोहलींनी ती वाढवली. अंधेरीला सीप्झ १९७३ मध्ये निघालं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८० च्या दशकात बंगलोरहून उपग्रहामार्गे काम पाठवायला सुरुवात केली. मग १९९१, वायटूके, एच-१, बाकीचं तुम्हाला सांगायला नको, तुम्ही ते जगला आहात. सरकारच्या लक्षात हे यायला १९९४ उजाडलं. त्या वर्षी मनमोहन सिंगांनी टेलिफोन, सर्वसाधारण विमा आणि शेअर दलाली या फक्त तीन सेवांवर ५ टक्के सेवाकर बसवला. २०१२ मध्ये उलटं झालं: यादीत असतील तेवढ्या सेवा सोडून बाकी सगळ्यांवर कर. २०१७ मध्ये तो जीएसटीत विरला. तीन सेवांपासून जवळपास सगळ्या सेवांपर्यंत, फक्त अठरा वर्षांत.

२०२२-२३ मध्ये भारताची सेवांची निर्यात ३२५ अब्ज डॉलरच्या आसपास गेली. देशाच्या उत्पन्नात निम्म्याहून जास्त वाटा सेवांचा. पण रोजगारात साधारण तीस टक्के. शेतीत अजूनही पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास माणसं, आणि उत्पन्नातला वाटा एक-पंचमांशाहून कमी. म्हणजे मधली पायरी भारताने नीट बांधलीच नाही. "आपण कारखान्यांवरून थेट उडी मारली" असं कौतुकाने म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. उडी मारली ती इंग्रजी येणाऱ्यांनी. बाकीचे गेटवर बसले, किंवा आता मोटरसायकलवरून डबे पोचवतात.

इथल्या लोकांना आणखी एक गोष्ट रोज टोचते, पाळणाघराचं बिल. बॉमोल आणि बोवेन यांनी १९६६ मध्ये नाटक-संगीताचा हिशोब मांडताना याचं कारण सांगितलं होतं. साच्यांचा वेग वाढतो, एक माणूस दोनऐवजी वीस साचे सांभाळतो. न्हाव्याला मात्र केस कापायला आजही वीस मिनिटंच लागतात. पण त्यालाही त्याच शहरात राहायचं असतं, म्हणून त्याचा दर वाढतो. डॉक्टर, कॉलेज, आया, सगळ्यांचं तेच. भारतात आया स्वस्त का, याचंही उत्तर यातच आहे. तिला दुसरीकडे जास्त पगार देणारं कोणी नाही.

राहिली गिरण्यांची जमीन. १९९१ च्या नियमाप्रमाणे ती विकसित करताना एक-तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक-तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाकडे. २००१ मध्ये दुरुस्ती आली: वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची, शेड असलेल्या जागेची नाही. गिरणी म्हणजे बहुतेक सगळी शेडच! २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. म्हणून परळला आज मॉल, बँकांची ऑफिसं आणि रेस्तराँ दाटीने दिसतात आणि मैदानं शोधावी लागतात. कामगारांच्या घरांची म्हाडाची लॉटरी २०१२ मध्ये सुरू झाली. मामाने अर्ज भरला होता. नंबर लागायच्या आत तो गेला, आता मामी वारस म्हणून कागद जमवते आहे. मागच्या खेपेला गेलो तेव्हा तिला गिरणीचं हजेरी कार्ड सापडत नव्हतं.