कॉफीचे अष्टकोनी भांडे

मोका नावाचे कॉफीचे भांडे आता आपल्याकडच्या दुकानांतही दिसू लागले आहे. घ्यायला गेले की दुकानदार दोन प्रश्न विचारतो: ॲल्युमिनियमचे की स्टीलचे, आणि किती कपांचे? पहिल्या प्रश्नात गेल्या शतकातला इटलीचा बराच इतिहास दडलेला आहे. आज त्याविषयी थोडे बोलणार आहे.

आधी भांडे कसे चालते ते पाहू. ज्यांनी प्रेशर कुकर हाताळला आहे त्यांना ते चटकन कळेल. खाली पाण्याचा डबा, मधे कॉफीची पूड भरायची नळीची चाळणी आणि वर कॉफी जमा होणारे चंबूसारखे भांडे. खालचा आणि वरचा भाग एकमेकांत घट्ट फिरवून बसवायचे. मधे रबराची रिंग आणि खालच्या डब्याला सेफ्टी व्हॉल्व, अगदी कुकरसारखेच. शेगडीवर ठेवले की खालच्या डब्यातली हवा आणि वाफ फुगते, पाण्याला ढकलते, पाणी नळीतून वर चढते आणि पुडीतून पार होऊन कॉफी बनून वर येते. बाकी बऱ्याच साध्या पद्धतींत पाणी वरून खाली येते. आपल्या उडपी हॉटेलांतला फिल्टर घ्या, नाहीतर नेपल्समधले उलटे करायचे जुने भांडे घ्या. इथे मात्र पाणी खालून वर जाते.

वाफेच्या जोराने कॉफी करायची कल्पना नवी नव्हती. मिलानच्या लुइजी बेझेरा याने 1901 मध्ये एस्प्रेसो यंत्राचे पेटंट घेतले होते. पण ती यंत्रे माणसाएवढी उंच, महागडी आणि कॉफीच्या दुकानातच शोभणारी. इटलीत अशा दुकानाला ‘बार’ म्हणतात, आणि त्या काळी तिथे प्रामुख्याने पुरुषांची वर्दळ असे. घरातली बाई कॉफी करी ती जुन्याच पद्धतीने. ही दरी अल्फोन्सो बियालेत्ती याच्या भांड्याने थोडी कमी केली. थोडीच म्हणतो, कारण बारमधल्या आजच्या यंत्रात हवेच्या दाबाच्या नऊपट जोर असतो. मोकात त्याच्या निम्माही नसतो. मोकाची कॉफी एस्प्रेसो नव्हे, तिची मोठी बहीण म्हणा हवे तर.

बियालेत्ती उत्तर इटलीतला, पिएमाँत प्रांतातला. ऑर्ता सरोवराच्या काठी ओमेन्या गाव आहे, त्याला लागून क्रुसिनाल्लो. फ्रान्समध्ये ॲल्युमिनियम ओतण्याचे काम शिकून तो परतला आणि पहिल्या महायुद्धानंतर त्याने इथे छोटा कारखाना काढला. 1933 मध्ये मोका तयार झाली. बायको कपडे धुण्याच्या बंबात मधल्या नळीतून उकळते साबणाचे पाणी वर उसळताना बघत असे, त्यावरून याला कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट गोड आहे. परंतु अशा गोष्टी भांडे नावारूपाला आल्यावर जास्त रंगतात, म्हणून मी ती ऐकतो आणि बाजूला ठेवतो. नाव मात्र नक्की कुठून आले ते ठाऊक आहे: येमेनमधल्या मोखा बंदरावरून. एके काळी जगाची कॉफी तिथून निघे.

आता धातूकडे वळू. इटलीत लोखंड कमी, कोळसा कमी. पण ॲल्युमिनियम ज्यापासून काढतात ते बॉक्साइट होते. मुसोलिनीच्या राजवटीने ॲल्युमिनियमला देशाचा स्वतःचा धातू म्हणून डोक्यावर घेतले. ऑक्टोबर 1935 मध्ये इटलीने इथिओपियावर स्वारी केली. विषारी वायू वापरले. राष्ट्रसंघाने आर्थिक निर्बंध घातले, आणि मग स्वावलंबनाचा घोष आणखीच वाढला. मोका त्याआधी दोन वर्षे जन्मली होती, तेव्हा ती सरकारी हुकुमाने निघाली असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण ज्या हवेत ॲल्युमिनियम हा अभिमानाचा धातू ठरला, त्याच हवेत ती वाढली. आणि ज्या देशावर बाँब पडत होते तो कॉफीच्या झाडाचे मूळ घर होता, हेही विसरता येत नाही. पुढे त्याच राजवटीत कॉफीची टंचाई झाली आणि लोक जवाची, चिकोरीची ‘कॉफी’ पिऊ लागले. भांडे होते, भरायला पूड नव्हती.

मोका खऱ्या अर्थाने घरोघरी गेली ती युद्धानंतर. अल्फोन्सोचा मुलगा रेनातो याने इतर भांडी बंद करून एकट्या मोकावर भर दिला, मिलानच्या जत्रेत जाहिरातींचे फलक भरून टाकले. 1950 च्या दशकात पॉल कांपानी या चित्रकाराने बोट वर करून उभा असलेला मिशीवाला माणूस काढला, आणि दूरदर्शन संचांच्या जमान्यात तो घरातलाच झाला. रेनातो 2016 मध्ये वारला, तेव्हा त्याची रक्षा एका मोठ्या मोकात ठेवली होती. ओमेन्याचा कारखाना मात्र त्याआधीच, 2010 मध्ये, बंद झाला होता. 2025 मध्ये कंपनीचा बहुतांश हिस्सा ज्या गुंतवणूक कंपनीकडे गेला, तिच्यामागे हाँगकाँगचे भांडवल आहे. स्वावलंबनाच्या धातूचे भांडे शेवटी तिथवर पोचले.

स्टीलच्या मोकाची कथाही त्याच खोऱ्यातली आहे. अल्फोन्सोची मुलगी आलेस्सी घराण्यात दिली होती. तेही क्रुसिनाल्लोचेच भांडीवाले, पण स्टीलचे. तिच्या मुलाच्या, आल्बेर्तोच्या काळात रिचर्ड सापर याने त्यांच्यासाठी 1979 च्या सुमारास स्टीलचे नवे भांडे आखले. म्हणजे आपण दुकानात ॲल्युमिनियम की स्टील असा विचार करतो, तेव्हा आजोबा आणि नातू यांच्यातच निवड करत असतो!

माझे मत विचाराल तर आजोबा. आपल्याकडे ‘जर्मनची भांडी’ म्हणून ॲल्युमिनियमला नाक मुरडायची सवय आहे. तांब्या-पितळेपुढे ते गरिबाचे. पण ते पटकन आणि सारखे तापते, हलके असते आणि स्वस्त पडते. मात्र डिशवॉशरमध्ये घालू नये, काळे पडते. इंडक्शनची शेगडी असेल तर साधे ॲल्युमिनियम तिथे चालत नाही, स्टीलच घ्यावे, तेही तळाला लोहचुंबक चिकटते का ते पाहून.

कपांचा हिशोब जपून करावा. त्यांचा कप म्हणजे जेमतेम 50 मिली. तीन कपांचे भांडे म्हणजे आपला एक मग. आणि मोठे घेऊन अर्धे भरायचे, हे इथे चालत नाही. चाळणी पूर्ण भरायची (दाबायची नाही), पाणी व्हॉल्वच्या खालपर्यंत घालायचे. जायफळ आणि दूध उकळून केलेल्या कॉफीची सवय असेल तर गरम दूध वेगळे ठेवा, भांड्यात घालू नका. आणि लहान मोका आपल्या गॅसच्या शेगडीवरच्या बर्नरच्या दांड्यांवर टेकत नाही, कलंडते. भांड्याबरोबर एक छोटी जाळीही आणावी.