युद्धांत निजलेल्या मोटारी

इ. स. १९४१ सालीं हिंदुस्थानांत पेट्रोलवर नियंत्रण आलें. पुढल्या वर्षीं मलाया व ब्रह्मदेश जपानच्या हातीं पडतांच रबर व खनिज तेल, दोन्ही आधार तुटले. तेव्हां सांगली संस्थानांत असलेल्या मंगळवेढ्यासारख्या गांवीं मोटार बाळगणें कठीण झालें. कांहीं मालकांनीं गाडीला कोळशाच्या वायूची भट्टी बसविली. पुष्कळ गाड्या नुसत्या झांकून ठेवाव्या लागल्या.

खरी परीक्षा युद्ध सरल्यावर झाली. उभ्या मोटारींतील पेट्रोल उडून जातें व मागें डिंकासारखा चिकट थर राहतो, बॅटरी मरते, पिस्टनच्या रिंगा सिलिंडरांत गंजानें जखडतात. मालक उतावीळ होऊन हँडल मारी आणि रिंग मोडून घेई. सुटे भाग तेव्हां परदेशांतून यावयाचे. रिंग मोडली कीं गाडी पुन्हां कित्येक महिने पडून! जाणता कारागीर प्लग काढून त्या भोंकांतून तेल सोडी, चार दिवस तें मुरूं देई, मगच इंजिन सावकाश हातानें फिरवी. टांकीतलें जुनें पेट्रोल तो ओतून देई, हें मात्र मालकाला फार जड जाई.

मंगळवेढ्याची कोरडी हवा पत्र्याला मानवे. रबराला तेथलें ऊन सोसत नसे. इंजिन जागें झालें तरी टायर मिळेपर्यंत गाडी ठोकळ्यांवरच राही.